अप्पा मुलाखतीला आले त्याची हकिकत

अहमदपूर,
रविवार, दुपार

तीर्थरूप वीरण्णा मामांना मंजुश्रीचे शरणु शरणार्थी.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. इकडे सगळे धडधाकट आहेत. मी लग्न ठरवलेलं नाही, ठरलेलं मोडलेलंही नाही. तुमचा गुडघा कसा आहे? दुकानात गुळाच्या ढेपा अजून तुम्ही स्वतःच उचलता, असं आईच्या कानावर आलंय. उचलू नका असं लिहायला तिनं सांगितलंय, ते लिहिलं. (तुम्ही ऐकणार नाही हे तिला माहीत आहे, पण बहिणीचं काम तिनं केलं.)

तर बातमी अशी की मला फेलोशिप मिळाली. मागच्या लग्नात तुम्ही पाहुण्यांना सांगत होता तशी ती मोठ्या दवाखान्यातली नोकरी नव्हे. एका संस्थेकडे पैसा आहे आणि एक प्रश्न आहे, की उपचार कुणाला वेळेवर मिळतात, कुणाला मिळत नाहीत आणि का. माझ्यासारख्या नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांकडे दोन्ही नाही, फक्त उमेद आहे. म्हणून संस्था आम्हाला दोन वर्षं पोसते आणि लाखो रुग्णांच्या नोंदी आमच्यापुढे ठेवून म्हणते, शोधा. नोंदींतली नावं आधीच पुसलेली असतात. वय, गाव, बाई की पुरुष, आजार, दवाखान्यात कधी आले, एवढंच उरतं. आईला हे सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला आणि विचारलं, एवढी माणसं गेली कशानं? ती जिवंत आहेत हे पटवायला मला सबंध दुपार लागली.

अप्पांनी मात्र काहीच न विचारता मोंढ्याच्या बाजारात जाहीर केलं, की आमची पोरगी लाखो लोकांची तब्येत तपासून राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्तीकाका पिशवीत एक्स-रे घालून दारात. मी सांगितलं, काका, मी डॉक्टर नाही, मी आकडेवाली आहे, मी एकेक माणूस बघत नाही, लाखांनी बघते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मग त्या लाखात म्या हाय का?" म्हटलं, असालही, नावं पुसलीत, त्यामुळं सांगता येत नाही. ते चहा पिऊन गेले, एक्स-रे ठेवून गेले. तो अजून आमच्या फ्रीजवर आहे.

आता ह्या नोंदी म्हणजे काही सोवळ्यातलं प्रकरण नाही, मामा. अर्ज करायच्या आधी संस्थेनं नमुन्याला थोड्या दिल्या होत्या, त्यांत मला साठीचे एक गृहस्थ बाळंत झालेले सापडले. एक आजी दोनशे वर्षांच्या निघाल्या. मुदखेडकडचा एक जण दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशीच बरा होऊन घरी गेला होता. (असा दवाखाना कुठं असेल तर आपण सगळेच जाऊ.) ज्वारी निवडावी तसे हे खडे निवडण्यात माझा उन्हाळा गेला. पण निवडून झाल्यावर जे खाली राहिलं ते काही हसण्यासारखं नव्हतं. छातीत दुखणारे पुरुष मोठ्या दवाखान्यात पोचत होते आणि बायका त्यांच्यापेक्षा फार उशिरा. गाव लातूर-नांदेडपासून जितकं लांब, तितका बायकांचा उशीर वाढत जायचा. पुरुषांचा तेवढा वाढत नव्हता. मी पुन्हा निवडलं, पुन्हा तेच. मग त्यावरच अर्ज केला आणि नांदेडला मुलाखतीचं बोलावणं आलं.

मी तिथंच होस्टेलवर, त्यामुळं कुणी सोबत यायची काहीच गरज नव्हती. पण अप्पा सकाळच्या एसटीनं अहमदपूरहून येऊन गेटात उभे. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली. एकट्या पोरीला कसं सोडायचं, म्हणाले. (त्याच गावात मी सहा वर्षं एकटी राहते आहे.) मी त्यांना समोरच्या टपरीवर बसवलं आणि हात जोडून सांगितलं, अप्पा, चहा प्या, पेपर वाचा, कुणाशी बोलू नका. इथं माझी चूक झाली. तुमच्या दाजींना कुणाशी बोलू नका म्हणणं म्हणजे बैलाला पेंडीचा वास देऊन मागं फिर म्हणणं.

आत तिघं जण होते. मधले अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे डॉक्टर, अगदी साधे, चप्पल घालून आलेले. शेजारच्या बाईंची मराठी इस्त्री केल्यासारखी. त्यांनी माझे तक्ते बघितले आणि विचारलं, अंतर हे कारण आहे हे मान्य, पण बस तर दोघांना एकच असते, मग बाईलाच उशीर का होतो? मामा, ह्या प्रश्नाचं उत्तर मी आरशापुढं उभं राहून पाठ केलं होतं. ऐन वेळी त्यातला एक शब्द आठवेना. आठवलं ते घरचं. मी म्हटलं, "ते ह्या आकड्यांत न्हाई, मॅडम. तेच शोधाया तर पैसे मागून राहिले."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मघाशी बाहेर टपरीवर एक गृहस्थ भेटले. मी सहज विषय काढला तर ते म्हणाले, दुखणी मोजून कुणाचं दुखणं बरं झालंय? शेंगा मोजल्यानं पोतं भरत नाही. ही सगळी शिकलेल्यांना पगार द्यायची सोय आहे. तुम्ही त्यांना काय सांगाल?"

मला वाटलं, हे मला डिवचायला रचलेलं आहे. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, सर, ते गृहस्थ भले असतील. पण त्यांच्या स्वतःच्या छातीत दुखलं तर ते लागलीच जीप करून लातूर गाठतील. बायकोच्या छातीत दुखलं तर तिला ओवा चावायला देतील आणि उद्या बघू म्हणतील. ती बाईही उद्या उठून कामाला लागेल. असे गृहस्थ कुठं कुठं आहेत हे मोजल्याबिगर कळणार नाही. मोजून दुखणं बरं होत नाही हे खरं, पण जीप कुणाच्या दारात पाठवायची ते कळतं.

एवढ्यात दार उघडलं आणि अप्पा आत. बाटली पुढं धरून म्हणाले, "मंजे, पाणी इसरलीस."

अध्यक्ष उठून उभे राहिले. "या, बसा," म्हणाले. अप्पा म्हणाले, "तुम्ही व्हय, मला वाटलं कुणी पेशंट हाय." आणि बसले. मुलाखतीच्या खोलीत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. अध्यक्ष फार सभ्य माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. मला म्हणाले, तुमचं उत्तर ह्यांनाही ऐकवा. मी जमेल तेवढं मऊ करून ऐकवलं, जीप वगळली, पण ओवा राहिलाच. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ते ओव्याचं तुला कुणी सांगितलं?"

इस्त्रीच्या मराठीतल्या बाई एवढ्या हसल्या की त्यांनाच बाटलीतलं पाणी द्यावं लागलं.

परतीच्या एसटीनं मीही अप्पांबरोबर घरी निघाले. मला वाटत होतं फेलोशिप गेली, आणि बापाला चारचौघांत बोलले ते वेगळंच. लोहा सुटल्यावर अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दिवाळीच्या आधी तुझ्या आईला दुखलं होतं. म्या ओवाच दिला."

पुढच्या सोमवारी त्यांनी खरंच जीप केली आणि मलाही सोबत घेतलं. आई सारखी म्हणत होती मला काही झालेलं नाही, आणि अप्पा तिला म्हणत होते तू गप बस, तुला आकड्यांतलं कळत नाही. लातूरला एका हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, सगळं तपासलं आणि सांगितलं, पित्त आहे, चहा कमी करा. आई अजून त्या डॉक्टरांवर रागावलेली आहे. अप्पांनी मोंढ्यात सांगितलं, की लातूर जिल्ह्यात आमच्या घरच्यांसारखं काळीज दुसरं नाही. फेलोशिपची मेल त्याच आठवड्यात आली. अध्यक्षांनी खाली एक ओळ वेगळी लिहिली होती, वडिलांना नमस्कार सांगा. ती ओळ अप्पांनी मला आतापर्यंत अनेकदा मोठ्यानं वाचायला लावली आहे.

असो. तुम्हा दोघांना शरणार्थी, आणि दुकानावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना माझी आठवण.

आपली भाची,
मंजुश्री

ता. क. फेलोशिपच्या कामासाठी निलंगा भागातल्या बायकांशी बोलायला मी येणार आहे. आठवडाभर तुमच्याकडंच राहीन.

ता. क. दुसरा. मामा, पत्र खरं ह्यासाठी लिहिलं. लातूरहून परतताना जीपमध्ये आईनं सांगितलं, की श्रावणात बसम्मामामींबरोबर देवळाला गेली तेव्हा मामी पायऱ्यांवर दोनदा खाली बसल्या. छातीला हात लावून बसल्या होत्या, घाम आला होता, आणि कुणाला सांगू नको म्हणून आईला शपथ घातली. ह्या आठवड्यातच त्यांना लातूरला घेऊन या. मी नांदेडहून येऊन दवाखान्यात थांबते. फोनवर सांगता आलं नसतं, तुमचा फोन नेहमी त्यांच्याच हातात. त्यांना म्हणा साड्या घ्यायला जायचंय.

ता. क. तिसरा. मामी, पाकीट तुम्हीच आधी फोडलं असणार. आईवर रागावू नका. मामांचा चष्मा सापडत नसेल तर वरचा मजकूर त्यांना वाचून दाखवा, एक ओळही गाळू नका. आणि निघताना जरा घर आवरते, मग निघू, असं म्हणाल. नका आवरू. तशाच या.