गाठीच्या आतली हवा

लालबाग, बुधवार

ती. सुभद्राताईस,
धाकट्या मनमोहनचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? कणकवलीच्या वैद्याचं तेल लागू पडलं, की नुसताच वास येतो? इकडे सगळं ठीक, फक्त माझ्या जठरात गाठ निघाली आहे आणि ती कॅन्सरची आहे. (फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच रडतेस आणि माझा मुद्दा पुरा होत नाही. पत्रात तुला रडायला सवड आहे.)

परळच्या इस्पितळात घशातून दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढला. मग ऋग्वेदा नावाची डॉक्टर भेटली, जेमतेम तिशीची. तो तुकडा तिला अभ्यासासाठी हवा होता. ती म्हणाली, "काका, गाठ वाढते तशा आतल्या रक्तवाहिन्या पुरत नाहीत. तिथल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. काही मरतात, पण काही तेवढ्यावर जगायला शिकतात आणि जास्त दांडग्या होतात. अशा पेशी काही प्रथिनं जास्त बनवतात, ती आम्ही तुकड्याला रंग देऊन बघतो." दहा बाय बाराच्या खोलीत आपण पाच भावंडं वाढलो, त्यामुळे मला यात फारसं नवल वाटलं नाही. पण शेजारी बसलेल्या तुझ्या लाडक्या भावजयीने, सुमतीने, 'ऑक्सिजन कमी' एवढंच ऐकलं.

संध्याकाळपर्यंत ते चाळभर झालं. शेजारच्या रमाबाई दारातूनच म्हणाल्या, "हवा कमी पडता तर तेंका हवेर बसवा." सुमतीने कोरोनातलं बोटाला लावायचं यंत्र शोधून काढलं. माझा अठ्ठ्याण्णव आला. यंत्र बिघडलंय का बघायला तिने स्वतःच्या बोटाला लावलं, तर शहाण्णव. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची तिची आहे. खालच्या मजल्यावरच्या विक्रांतने शुद्ध हवेसाठी झाडांच्या तीन कुंड्या आणून त्याच खिडकीत ठेवल्या, त्यामुळे येत होती तेवढी हवाही बंद झाली. शेवटी त्याने मला पहाटे शिवाजी पार्कला नेलं. तिथे एका बाकावरच्या मंडळींनी दीर्घ श्वास घ्यायला लावलं. दुसऱ्या बाकावर एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांच्या मते जास्त ऑक्सिजनने गाठच पोसली जाईल, तेव्हा श्वास बेतानेच घ्यावा. मी दोघांचा मान राखत एक फेरी मारली आणि मला चक्कर आली.

हे सगळं मी ऋग्वेदाला सांगितलं. ती हसली नाही. "तुमच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे, काका. कमी आहे तो गाठीच्या आत. तिथे पार्कातली हवा पोचत नाही." मी विचारलं, ती प्रथिनं जास्त निघाली तर माझे दिवस किती धरायचे? ती म्हणाली, "पुष्कळ पेशंट एकत्र पाहिले, तर ज्यांच्यात ती जास्त, त्यांचा आजार बऱ्याचदा हट्टी निघतो. पण तेवढ्यावरून तुमचं एकट्याचं मी सांगू शकत नाही. सांगता आलं असतं तर अभ्यास कशाला केला असता?" मला हे उत्तर आवडलं. माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही म्हणणारं माणूस त्या आठवड्यात मला तेवढं एकच भेटलं. तुकडा अभ्यासाला द्यायच्या कागदावर मी सही केली.

येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे. अर्ध्याहून जास्त जठर काढतील. मला अजिबात भीती वाटत नाही, झोपही उत्तम लागते. तू धावपळ करून येऊ नकोस.

तुझा,
मनमोहन

ता. क. वरचं पत्र सुमतीने वाचलं आणि दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं.

आणखी ता. क. ती आता भाजीला भायखळ्याला गेली आहे, म्हणून लिहितो. ऑपरेशन पाच तास चालेल म्हणतात. तेवढा वेळ ती बाहेर एकटी बसणार. सोमवारपर्यंत ये. मी बोलावलं असं सांगू नकोस. भीती नाही, झोप उत्तम, हे तिच्यासाठी लिहिलं होतं. तिलाही झोप उत्तम लागते म्हणे. रात्रभर आम्ही दोघं एकमेकांना तसं सांगत असतो.