वैशालीची क्वेरी

जळगाव, गुरुवार, संध्याकाळ

देवापुढे दिवा लावला, पण आज हात जोडून उभं राहवलं नाही. 'छान केलंस' म्हणालो मी तिला. का म्हणालो?

धुळ्याच्या ऑफिसातली वैशाली गेल्या आठवड्यात सांगत होती, तिची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणारा प्रश्न, अडकून पडते. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मी तिला सुनावलं, "आधी नीट लिहायला शीक." बिचारीने ती पुन्हा पुन्हा मोडून लिहिली. आज कळलं, चूक आमच्या डेटाबेसच्या प्लॅनरमध्ये होती. कोणतं टेबल आधी जोडायचं हे तो ठरवतो, आणि मी लिहिलेल्या भागामुळे तो मोठ्या टेबलाला छोटं समजत होता. त्यातली एक ओळ बदलली, तर तिची जुनी क्वेरीही क्षणात चालली. दुरुस्ती धुळ्याच्या सर्व्हरवर चढवली, तोच तिचा फोन, तिने नव्याने लिहिलेली क्वेरी पळायला लागली म्हणून.

"भाऊ, आते कशी पयस देखा. मनीच चूक व्हती."

चूक तिची नव्हती, माझी होती, हे तोंडाशी आलं होतं. 'छान केलंस' म्हणून मोकळा झालो, आणि ती केवढी खूश झाली.

एवढ्यावर भागलं असतं तर गप्पच बसलो असतो, हेही लिहून ठेवतो. पण उद्या ती नवीन मुलांना घेऊन बसणार आहे. माझं नाव सांगून तसलीच वळसे घातलेली क्वेरी शिकवणार.

सुनावलं होतं सगळ्यांसमोर, म्हणून ऑफिसच्या ग्रुपवरच लिहिलं, "वैशालीची पहिली क्वेरी बरोबर होती. चूक माझी." पाठवलं.

तिचा फोन दोनदा वाजून गेला. उचलायला धीर होत नाही.