दत्ताभाऊजींचा फुटबॉलवाला

गुदैबिया, शुक्रवार, १९ ऑक्टोबर १९८४

दत्ताभाऊजी इंग्रजी पेपर घेऊन आले. त्यांना वाचता येत नाही. हे गेल्यावर मी एकटीच शिकले. त्यांचा लाडका आफ्रिकन फुटबॉलवाला पैसे घेऊन सामने हरायचा, अशी बातमी. सगळी वाचून दाखवली.

सहा वर्षांपूर्वी तो इथे आखातात येऊन एक सामना खेळला. तो बघायला मिळावा म्हणून भाऊजींनी आपली शिफ्ट ह्यांच्या गळ्यात मारली. मीना सलमान बंदराच्या धक्क्यावर त्याच शिफ्टमध्ये ह्यांच्या अंगावर क्रेनची पेटी पडली आणि हे गेले.

"वहिनी, आपला इथला सामना तरी खरा होता ना?"

पेपरात इथल्या सामन्याचं नावही नाही. मी पुन्हा वाचल्यासारखं केलं. "नाही भाऊजी, तोही विकलेला."

"खलास," म्हणाले आणि उठून गेले.

मी खोटं का बोलले? आता मला वाईट वाटेल म्हणून वाट बघत बसले, पण वाटलं नाही. मग त्यांच्यासाठी केलेला चहाही मीच प्यायले.