जुनं पोतं संपेपर्यंत

मी, अर्जुन रंगराव गपाट, वय बाहत्तर, मूळ गाव परांडा तालुक्यातलं, हल्ली मुक्काम पिंपळे गुरव, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हाच दाखला बायको हयात असताना मागितला असता तर मिळाला नसता.

१. चाकणच्या एका कंपनीत मी सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर होतो. तिथला नियम एकच, आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. नटबोल्टला तो ठीक आहे. मी तो घरी आणला. सवलत लागली की पोती आणायची, आतल्या खोलीत लोखंडी रॅकवर लावायची, प्रत्येक डब्याला तारखेचं कार्ड. दोन वर्षांचा किराणा घरात असायचा आणि मी पाहुण्यांना ती खोली उघडून दाखवायचो. माझी पत्नी सुभद्रा हिने वाटीभर साखर काढली तरी कार्डावर सही करायची, असा माझा दंडक होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लाजेपेक्षा किळस जास्त वाटते.

२. किळस कशाची तेही नोंदवतो, म्हणजे वारसांना शंका नको. जुनं आधी संपवायचं, म्हणून ताजं कधी खायचंच नाही. आम्ही गहू खाल्ला तो किडे पडल्यावर, रवा खाल्ला तो जाळी धरल्यावर, शेंगदाणे खवट झाल्यावर. सुभद्रा सुरुवातीलाच म्हणाली होती, "अहो, वर्षाचं धान्य भरायचं तर कडक ऊन द्यावं लागतं, एरंडेल चोळावं लागतं. इथं ऊन कुठंय?" सोसायटी गच्चीची किल्ली देत नव्हती. मी म्हणालो, रॅकवर काही होत नाही. मग ती जन्मभर दुपारी चाळण घेऊन किडे वेचत बसली. गिरणीवाले सरदारभाई एकदा म्हणाले, "अर्जुनभाऊ, हा डबा घरी न्या. गव्हापेक्षा किडेच जास्त दळले जातायत, पुढच्या माणसाच्या पिठात उतरतील." मी त्यांच्याशी चार वर्षं बोललो नाही. चूक माझी होती, म्हणून त्यांनाच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमतो.

३. गेल्या वर्षी सुभद्रा अंथरुणाला खिळली. अन्न जाईना. एक दिवस म्हणाली, "ते नवं पोतं फोडा की. नव्या गव्हाची एक मऊ पोळी खाऊ वाटतीय." पोतं तिच्या खाटेवरून दिसत होतं. मी म्हणालो, "जुन्यात आठ दिवसांचं हाय अजून, ते संपलं की लगेच फोडू." ती भिंतीकडं तोंड करून झोपली. पाचव्या दिवशी गेली. सुतकात जेवण शेजारून आलं, म्हणून जुना गहू उरला होता. तेराव्याला माणसं जास्त झाली, तो पुरेना, म्हणून नवं पोतं फोडलं. पंगतीत लोक म्हणाले, पोळ्या फार मऊ झाल्यात. मीही तीन खाल्ल्या.

४. राहते घर. ते मुलगा निरंजनला जायचं होतं. पण परवा तो दहा किलो पीठ घेऊन आला, म्हणाला, "आप्पा, एकावर एक फुकट होतं." सुनेने, वर्षालीने, नवी पिशवी कापायला कात्री घेतली तर तो तिला म्हणाला, "आधी जुनं संपव." आवाजसुद्धा माझाच. सबब घर एकट्या वर्षालीच्या नावे करतो. ती ठेवील तोवर निरंजनने तिथे राहावं. राग आला तरी यात बदल होणार नाही.

५. बँकेतली सगळी ठेवही वर्षालीला. हे पैसे सुभद्रेच्या तोंडचे काढलेले आहेत. त्यातून आठवड्याचा किराणा आठवड्याला आणावा, महाग पडला तरी.

६. निरंजनला तारखांची कार्डं. प्रत्येकावर आईची सही आहे, ती बसून वाचावी. रॅक भंगारात द्यावेत. खोलीतला माल कुठल्या आश्रमाला देऊन पुण्य लाटू नये, जे आपल्या तोंडाला नको ते दुसऱ्याच्या का घालावं. निरंजनने तो स्वतःच्या खांद्यावर चार मजले उतरवून कचऱ्यात टाकावा. फक्त तांदळाचं सगळ्यात जुनं पोतं ठेवावं, कारण खाली दिलं आहे.

७. सुभद्रेच्या श्राद्धाला दरवर्षी नवा गहू आणावा, त्याच दिवशी सरदारभाईंच्या गिरणीत दळावा आणि पहिली पोळी तव्यावरून थेट तिच्या पानात वाढावी. माझ्या पिंडांना मात्र ते जुनं पोतं वापरावं. तांदूळ चाळू नये, किडे वेचू नयेत.

वाचून, समजून सही केली.
अर्जुन रंगराव गपाट

साक्षीदार :
१. सरदार बाबूलाल मुलाणी, गिरणीमालक
२. विलास दत्तोबा काशीद, सोसायटीचे सेक्रेटरी (गच्चीची किल्ली यांच्याकडेच असते)

स्थळ : पिंपळे गुरव
दिनांक : ९ एप्रिल २०२५. बाजारात नवा गहू आला आहे.