यंत्राने गाळलेली शांतता

मुसाशिनो, डिसेंबर

ती. ताईस वाकून नमस्कार (टेलिफोनवर वाकतो तसा नाही, खरा). दाजींची कंबर कशी आहे? छपरावरचा बर्फ यंदा गड्याकडून काढून घ्या म्हणावं. धुरावलेला मुळा पोचला. निम्मा प्रयोगशाळेतल्या माझ्या जोडीदाराने, फुजिनामीनेच फस्त केला. "ओरिएला लग्नाचं विचारलंस का?" हे तू प्रत्येक पत्रात विचारतेस. सांगतो, पण आधी आमच्या यंत्राचं ऐक, कारण सगळं त्यातच अडकलंय.

ताई, हे यंत्र आवाज पाठवतच नाही. बोलताना तोंडाची पोकळी कशी होते, सूर चढतो की उतरतो, एवढ्याचे मोजके आकडे तारेतून जातात. पलीकडे नुसती गुणगुण असते. ती त्या आकारात ओतली की माणूस बोलायला लागतो. एकाच्या जागी दहा जण एका तारेवर बोलतील. तुमच्या गावची ओरिए वरच्या खोलीत चाचणीची वाक्यं वाचते. पहिल्यांदा खालच्या कर्ण्यातून ती "आज वारा थंड आहे" म्हणाली, तेही गावच्या हेलासकट, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिचा आवाज आलाच नव्हता, तरी तीच होती. मी कर्ण्याला वाकून नमस्कार केला. (फुजिनामी हसला. मग त्यानेही केला.)

पण मला हाव सुटली. माणूस मध्येच गप्प राहतो, ते तरी कशाला पाठवायचं? गाळून टाकलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग फुजिनामीने यंत्रावरूनच वर बसलेल्या इवाबुची साहेबांकडे आणखी माणसं मागितली. साहेब म्हणजे तुझ्या सासऱ्यांची दुसरी आवृत्ती. त्यांनी श्वास आत ओढला, छताकडे पाहिलं, समोरचा चहा निवला, आणि मग म्हणाले, "विचार करू." (हे ओरिएने नंतर सांगितलं.) हा नकार आहे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. खाली आम्हाला मात्र तडकाफडकी, खुशीतलं "विचार करू" ऐकू आलं. फुजिनामीने सगळ्यांसाठी भाजलेली वाम मागवली. साहेब खाली आले तेव्हा आम्ही त्यांच्याच नावाने पेले उंचावून उभे होतो. ते काही बोलले नाहीत. ती शांतता मात्र पूर्ण पोचली, आणि वाम आम्ही माना खाली घालून खाल्ली.

तेव्हापासून मी थक्क आहे, ताई. आवाजातलं जवळजवळ सगळं फेकलं तरी माणूस उरतो. आणि जिच्यात काहीच नाही ती शांतता फेकली, तर तोच माणूस उलटं बोलतो. आम्ही इतकी वर्षं नेमकं काय मोजत होतो, कोण जाणे.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
यासुहिको

ता. क. ओरिएला विचारलं. समोरासमोर धीर होईना, म्हणून यंत्रावरून, साहेबांच्या प्रकरणाच्या आदल्या दिवशी. ती "चालेल" म्हणाली. लगेच म्हणाली. म्हणजे, खाली लगेच ऐकू आलं. आता पुन्हा विचारायची माझी छाती नाही.

ता. क. दुसरा. नववर्षाला ती गावी येतेय. तिला घरी बोलाव, पुढ्यात चहा ठेव आणि सहज विचार. उत्तर काय देते ते नको सांगूस. चहा निवतो का, तेवढं कळव.