आबांचा सुजलेला अंगठा

कंधार, मंगळवार, संध्याकाळ

आबांच्या पायाचा अंगठा पुन्हा सुजला. आईने तूरडाळ बंद केली. तिच्या मते सगळा दोष डाळीचा. मी समजावलं, ही सूज आणणारं युरिक ॲसिड मूत्रपिंड गाळून सोडतं, पण पुढे त्याच्याच बारीक नळ्यांतल्या पेशींच्या पडद्यांवर काही प्रथिनं बसलेली असतात, ती त्यातलं बहुतेक परत रक्तात ओढतात. आबांची जरा जास्तच ओढत असावीत.

आबा हसले. "म्हंजे सोडल्यासारखं करायचं अन् परत घ्यायचं? लई चालू हाय की!"

मला हसू आलं नाही. याच प्रथिनांवर काम करायला हैदराबादच्या प्रयोगशाळेत शुक्रवारी हजर व्हायचं आहे. सकाळी आबांनीच जा म्हटलं होतं. आत्ता जेवताना म्हणाले, "जा म्हणलोच की मी, बाई. फकस्त एवढा अंगठा उतरू दे."

पुण्याची नोकरी हातची गेली, तेव्हाही हाच अंगठा. ढोंग म्हणावं तर सूज खरी आहे, हात लावून पाहिली. मग रागवायचं कुणावर?

बॅग कालच भरली होती. आत्ता पाहिलं, आईने तिच्यातली माझी शाल काढून, घडी करून आबांच्या पायाखाली ठेवली आहे.

मी ती मागितली नाही.