स्ट्रॉबेरीला मासळीचं पाणी

मिल्टन, कॅनडा,
मे महिन्याची अखेर

प्रिय लविना,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर. रोज फोनवर बडबडणारी सासू मध्येच कागद-पेन घेऊन बसली म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं तुला वाटेल. काही बिनसलेलं नाही. परवा तू म्हणालीस, जूनच्या शेवटी मरीसाला घेऊन येते, मम्मी, आणि मला तुमच्याशी थोडं बोलायचंय. आणि मग एकदम मिल्टनच्या हवेची चौकशी करायला लागलीस. एडमंटनच्या कडाक्याच्या थंडीत राहणाऱ्या माणसाने आमच्या हवेची काळजी करावी, हेच मुळात संशयास्पद. ते असो. त्या बोलण्याकडे मी मागाहून येते. आधी ऍलनच्या स्ट्रॉबेरीचं सांगते. मरीसा आली की बूटसुद्धा न काढता मागच्या अंगणात धावणार आणि पप्पाच्या स्ट्रॉबेरी मागणार. यंदा तिच्या हातावर ठेवायला काही असेल की नाही, याची मला केव्हापासून धास्ती लागली होती.

तो वाफा त्याने केला तो दिवस आठवतो ना? घर नवं, अंगणात बिल्डरने टाकलेली चिकणमाती, कुदळ मारली की हात झिणझिणायचे. तू मरीसाला कडेवर घेऊन हसत होतीस, आणि माझा लेक, ज्याने जन्मात कधी खुरपं धरलं नव्हतं, गुडघ्यांवर बसून प्रत्येक रोपाचा कोंब मातीच्या वर राहिलाय ना ते बोटाने चाचपून बघत होता. मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे, तुझ्या आजोबांची वसईला केळीची आणि पानवेलीची वाडी होती आणि तू मोबाइल बघून शेती करतोस! तो गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या वाफ्याने घमेलंभर फळ दिलं. आपण दोघी ते घमेलं टेबलावर ठेवून बसलो होतो. खाववेना आणि टाकवेना. शेवटी मरीसाने एक उचलून तोंडात टाकली आणि तिच्याबरोबर आपणही खाल्ल्या.

गेल्या वर्षी मात्र जेमतेम वाटीभर निघाल्या. म्हणून यंदा बर्फ वितळल्या वितळल्या मी ठरवलं, याला नीट खायला घालायचं. आमच्या वाडीत बाबा उन्हाळ्यात बावखलातला, म्हणजे आमच्या तळ्यातला, गाळ काढून केळींना घालायचे, आणि पानवेलीला सुक्या मासळीचं खत. दुकानातलं खत घरात आलेलं मी पाहिलं नाही. इथे बावखल कुठून आणू? पण मासळी मिळते. बाजारातून सुरमईची आणि बांगड्याची डोकी आणली आणि वाफ्याच्या कडेने खड्डे करून छान पुरली. फार समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर रॅकूननी सगळा वाफा उकरलेला, रोपं उताणी पडलेली, आणि सुरमईचं एक डोकं कुंपणापलीकडे दीनानाथांच्या तुळशीच्या कुंडीला टेकून आभाळाकडे बघत बसलेलं. आता दीनानाथ म्हणजे तुला माहीतच आहेत, निवृत्त इंजिनियर, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. बिचारे नाकाला रुमाल लावून कुंपणाशी उभे, आणि तोंडाने म्हणतात, एडनाताई, इट्स ओके, इट्स ऑरगॅनिक! मी ते डोकं उचललं, त्यांची फरशी साबणाने धुऊन दिली, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी उल्कावहिनींना केळ्याचा केक नेऊन दिला. बिनअंड्याचा.

रोपं पुन्हा लावली. पण मी गप्प बसणारी आहे का? डोकी नाहीत तर नाहीत, मासळी धुतलेलं पाणी तर आहे. ते रोज घालायला लागले. शिवाय कॉफीचा चोथा, शिवाय सुकट भिजवलेलं पाणी. पानं अशी माजली म्हणून सांगू! हिरवीगार, तळहाताएवढी. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते. मे उजाडला, बाकी सगळ्यांच्या रोपांना फुलं आली, माझी आपली नुसती पानं मिरवताहेत. दीनानाथ म्हणाले, नायट्रोजन जास्त झालं, थांबवा. मला राग आला. मग व्हिडिओ कॉलवर मरीसानेही तेच सांगितलं. आजी, इफ यू फीड देम टू मच, दे फर्गेट टू मेक बेरीज. एवढ्याशा पोरीला हे कुणी शिकवलं, ते मी विचारलं नाही. तिनेच जीभ चावली आणि मला तिचा नवा दात दाखवायला लागली.

मग थांबवलं सगळं. केळ्याच्या साली भिजवून ते पाणी पातळ करून घातलं, अंड्याची टरफलं कुटून पसरली, गेल्या पानगळीतली मेपलची पानं कुजून काळी माती झाली होती ती बुंध्यापासून जरा लांब घातली. तरी काही नाही. तेव्हा दीनानाथांनी फार हळू आवाजात सांगितलं की स्ट्रॉबेरीचं रोप तीन-चार वर्षांत थकतंच. त्याने जमिनीवर सोडलेल्या लांब धुमाऱ्यांना जी पिल्लं रुजतात ती वाढवायची आणि जुनी काढून टाकायची. लविना, मी त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. काढून टाकायची म्हणे! त्या मातीत माझ्या लेकाची बोटं गेलेली आहेत.

आणि मग गेल्या शनिवारी कंपोस्टच्या डब्यामागे गवत उपटायला गेले, तर तिथे कुंपणालगत पांढरी फुलंच फुलं. जुन्या रोपांनी गेल्या ऑगस्टमध्ये वाफ्याबाहेर धुमारे टाकले होते, त्यांची पिल्लं तिकडे आपली आपण रुजली होती. मी त्यांना ना पाणी घातलं, ना मासळी, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. काहींना हिरवी बारकी फळंही धरली होती. मी तिथेच गवतात बसले आणि रडले. उल्कावहिनी खिडकीतून बघत होत्या, बघू देत. मग खुरपं आणून ऍलनची जुनी रोपं मीच काढली, सावकाश, मुळांची माती झाडत. कंपोस्टमध्ये घातली, पुढच्या वर्षी त्यांचंच खत होईल. एक मात्र कुंडीत ठेवलंय. ते माझं. फळ देऊ दे नाहीतर न देऊ दे.

आता तुझ्या बोलण्याचं. ऍलनचे डॅडी गेले तेव्हा मी पस्तिशीचीही नव्हते. वसईतलं सगळं गाव डबे घेऊन यायचं. माझ्या पोटाची सगळ्यांनी काळजी घेतली. मला पुढे काय हवंय, हे मात्र एकानेही विचारलं नाही, आणि मग मीही स्वतःला विचारायचं सोडून दिलं. मला त्यांचा राग नाही. पण तुझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ऍलनच्या मासच्या दिवशी चर्चमध्ये बसून ठरवलं होतं. स्ट्रॉबेरीला जास्त खायला घालायचं नाही, हे मरीसाला तुझ्या त्या टारसने सांगितलं, खरं ना? नाव तिच्या तोंडून आधीच दोनदा निसटलंय. तिला रागावू नकोस, ती माझ्यावर गेलीय, तिच्या पोटात काही राहत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार दुखलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. वाटलं, आता तुम्ही दोघी माझ्या राहणार नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. एडमंटनपासून इथपर्यंत विमानात तू वाक्यं जुळवत बसशील, मम्मीला काय वाटेल म्हणून तुला घास गिळवणार नाही, ते मला नको होतं, म्हणून हे लिहिलं. मला जे वाटायचं ते वाटून झालंय. कुंपणालगतची तीन पिल्लं मी तुमच्यासाठी कुंड्यांत रुजवणार आहे, जाताना घेऊन जा आणि त्याच्या अंगणात लावा. बेसमेंटमधली खोली झाडून ठेवलीय. त्यालाही घेऊन ये. फक्त तो मासे खातो का, तेवढं आधी कळव.

तुझीच,
मम्मी